सहावी-सातवीतलं पोर घरी सांगेनासं होतं तेव्हा काय करायचं

मी सिंहगड रोडला घरीच शिकवण्या घेते, गणित आणि सायन्स, सहावी ते आठवी, चौदा वर्षं झाली आता. एवढ्या वर्षांत एक गोष्ट इतक्यांदा बघितलीये की पाठ झालीये. पाचवी संपून सहावीत आलेलं पोर जूनमध्ये दप्तर टेकवायच्या आधीच सगळं सांगायला लागतं, बाईंनी कोणाला उभं केलं, डब्यात काय होतं, घरी काल आईबाबांचं काय झालं ते सुद्धा (ते मी ऐकून सोडून देते). तेच पोर आठवीच्या दिवाळीपर्यंत तीन शब्दांवर आलेलं असतं. काही नाही. नॉर्मल. ठीके.

घरचे म्हणतात वय आहे, चालायचंच. वय आहे हे खरंच आहे, पण चालायचंच म्हणून सोडून देऊ नका प्लीज, कारण नेमकं याच वर्षांत, साधारण १० ते १४, त्यांच्या बाबतीत इतकं काही पहिल्यांदाच घडत असतं की सांगायला कोणीतरी लागतंच, आणि घरात मिळालं नाही तर ते बाहेर शोधतात, म्हणजे बऱ्याचदा त्यांच्याएवढंच अजाण दुसरं पोर, नाहीतर मोबाईलमधलं कोणीतरी ज्याचं खरं नाव सुद्धा माहीत नाही.

मला जे कळलंय ते असं की या वयाचं पोर काहीही सांगायच्या आधी मनातल्या मनात हिशोब करतं, सांगितलं तर केवढ्याला पडेल. ओरडा बसेल का, मोबाईल जाईल का, आई रडेल का, बाबा शाळेत येतील का, आजीला कळेल का. आणि हा हिशोब ते मागच्या वेळी काय झालं त्यावरून करतं. माझ्याकडच्या एका मुलाच्या वर्गात कोणीतरी व्हेप (ई-सिगरेट) आणलं होतं, याने हात पण लावला नव्हता, घरी येऊन आईला सरळ सांगितलं. आई घाबरली, अर्ध्या तासात पालकांच्या ग्रुपवर मेसेज गेला, दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांची दप्तरं तपासली आणि मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला कळलं की कोणी सांगितलं. त्या आईची काळजी खरी होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या मुलाने नंतर मला काय सांगितलं, ताई, मी आता घरी फक्त मार्क सांगतो.

म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे, सांगणं त्यांना महाग पडू द्यायचं नाही.

ऐकल्यावर पहिली पाच मिनिटं

पोराने काहीही सांगितलं, कितीही भयानक वाटलं, तरी तोंडातून पहिलं वाक्य हेच जायला हवं, बरं झालं सांगितलंस. हे मी अक्षरशः पाठ करून ठेवलंय कारण आतून धस्स झालेलं असताना सुचत नाही. त्यानंतर लगेच प्रश्नांची सरबत्ती नको. कोण होतं, कधी, तू तिथे काय करत होतास, आधी का नाही बोललास, हे सगळं एका दमात आलं की पोराला वाटतं आपणच आरोपी. एकच विचारा, मी यात काही करायला हवंय का आत्ता नुसतं ऐकायला हवंय? दहातल्या आठ वेळा उत्तर येतं नुसतं ऐक. मग खरंच नुसतं ऐका, मध्येच आमच्या वेळी असं होतं वगैरे सुरू करू नका.

आणि एक वचन कधीच देऊ नका, मी कोणालाच सांगणार नाही हे. कारण काही गोष्टी सांगाव्या लागतात. समजा कोणी मोठ्या माणसाने हात लावलाय, घाणेरडे फोटो मागितलेत, तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १८ च्या आतल्या मुलामुलींसाठी, आणि त्यात असं काही कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा सुद्धा गुन्हा आहे, मग तो माणूस घरातला काका का असेना. तेव्हा आधीच म्हणून ठेवायचं, तुला धोका असेल असं काही असलं तर मला कोणालातरी सांगावं लागेल, पण कोणाला सांगणार आणि काय सांगणार ते आधी तुला सांगेन, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. मुलांना हे पटतं. त्यांचा राग सांगण्यावर नसतो एवढा, न विचारता परस्पर केल्यावर असतो.

बोलायची जागा पण महत्त्वाची आहे. सोफ्यावर समोर बसवून, ये इकडे, बोलायचंय तुझ्याशी, असं म्हटलं की दार बंद झालंच समजा. समोरासमोर डोळ्यात बघून बोलणं या वयात फार जड जातं. शेजारी शेजारी असलं की येतं. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, टेकडी चढताना. माझ्या ओळखीतले एक बाबा दर रविवारी सकाळी मुलाला घेऊन तळजाईला जातात, पहिले चार-पाच रविवार दोघं एक अक्षर बोलले नव्हते, नुसते चालून वडापाव खाऊन परत. सहाव्या की सातव्या रविवारी मुलगा बोलायला लागला. चार रविवारात काही झालं नाही म्हणून त्यांनी जाणं सोडलं असतं तर ते झालंच नसतं.

शरीराचं, आणि ते आधी सांगायचं

मुलींचं वयात येणं साधारण ८ ते १३ मध्ये सुरू होतं, मुलांचं ९ ते १४ मध्ये. म्हणजे सातवीच्या एकाच बाकावर एक मुलगी बाईएवढी दिसते आणि शेजारचा मुलगा तिसरीतला वाटतो, आणि दोघंही एकदम बरोबर असतात. हे त्यांना कोणी सांगतच नाही. उंची वाढली नाही म्हणून बारला लटकून लटकून हाताला फोड आणलेला मुलगा मी बघितलाय, आणि खांदे पुढे पाडून, दप्तर छातीशी धरून चालणाऱ्या मुली तर दर वर्षी. ८ च्या आधी मुलीमध्ये किंवा ९ च्या आधी मुलामध्ये बदल दिसायला लागले, नाहीतर १३-१४ उलटून गेली तरी काहीच नाही, तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बाकी सगळं आपापल्या वेळेवर होतं.

मुलीला पाळीबद्दल नवव्या-दहाव्या वर्षीच सांगा, पहिला डाग बघून तिला वाटू नये की आपल्याला काहीतरी लागलंय. एक छोटा पाऊच करून द्या, दोन पॅड, एक निकर, पेपरचे तुकडे, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवू द्या. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, शाळेतलं टॉयलेट घाण आहे म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच ठेवणाऱ्या मुली खूप आहेत, पाणी पण पीत नाहीत जावं लागेल म्हणून, तिला विचारा. वापरलेलं पॅड पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायला शिकवा, ही पद्धत आपल्या पुण्यातच ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक ताईंनी सुरू केली, कारण सुका कचरा हाताने वेगळा करताना ते त्यांच्या हातात येतं. मला वाटतं मुलीला हे सांगण्यात एक फायदा अजून आहे, पाळी ही लपवायची भानगड न राहता घरकामासारखी एक साधी व्यवस्था होऊन जाते.

सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, २१ दिवसांनी येवो नाहीतर ४५ दिवसांनी, घाबरायचं कारण नाही. पण दर तासा-दोन तासाला पॅड भरत असेल, सात दिवसांच्या वर चालत असेल, किंवा दुखण्यामुळे शाळा बुडत असेल तर सहन कर म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. १५ पूर्ण होऊनही आलीच नाही तरी न्या. आणि बाबांनी दुकानातून पॅड आणायला शिकावं, काळ्या पिशवीत न घालता. घरात आजी कावळा शिवला म्हणून बाजूला बसवत असेल तर आजीशी आई-बाबांनी बोलायचं, मुलीला मध्ये टाकायचं नाही, तिने आजीशी भांडावं अशी अपेक्षा बारा वर्षांच्या मुलीकडून करणं बरोबर नाही.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. दमते, अभ्यासात लक्ष नाही, चिडते, यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे रक्त कमी असणं असतं. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवड्याला एकदा लोहाची निळी गोळी देतात, मुलं मळमळतं म्हणून खिशात टाकतात आणि घरी येताना फेकतात, तर जेवणानंतर घ्यायची आणि लगेच वर चहा प्यायचा नाही एवढं सांगा. डॉक्टरकडे गेलातच तर एचपीव्हीच्या लसीचं पण विचारा, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, ९ ते १४ या वयात दिली तर सगळ्यात चांगला उपयोग होतो आणि दोनच डोस पुरतात, आता तर पुण्यातच सीरमने बनवलेली सर्व्हाव्हॅक आहे.

मुलांचं मात्र सगळीकडे राहून जातं. मुलींना निदान आई, मावशी, शाळेतल्या बाई कोणीतरी सांगतं, मुलाला कोण सांगतं? आवाज फुटला की घरात सगळे हसतात, फोनवर तुला ताई समजले वगैरे, आणि त्यानंतर तो मुलगा वर्गात वाचायला उभा राहायचं टाळतो, हे मी स्वतः बघितलंय. बऱ्याच मुलांना या वयात छातीवर एका किंवा दोन्ही बाजूला गाठ येते, दुखते पण, आणि मुलगा पोहायला जायचं बंद करतो, शर्टाखाली बनियन घालून वर अजून एक टीशर्ट. ती हार्मोनची असते आणि बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत आपली आपण जाते. हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर त्याचं एक वर्ष वाचलं असतं. झोपेत वीर्य जाण्याचं पण तसंच. आपल्याकडे त्याला स्वप्नदोष म्हणतात, आता नावातच दोष म्हटल्यावर मुलगा घाबरणार नाही तर काय, आणि भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून तर अजूनच. बाबांनी सांगा, किंवा मामाने, दोन मिनिटांचं काम आहे, हे सगळ्या मुलांना होतं, यात आजार नाही, अशक्तपणा येत नाही, चादर मशीनमध्ये टाक, कोणी काही विचारणार नाही. झालं.

उशिरा झोपतं, सकाळी उठत नाही, दिवसभर चिडतं

याला आळस म्हणू नका. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे दहाला आडवं केलं तरी अकरापर्यंत डोळा लागत नाही. आणि झोप लागते तर किती, बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास, तेरानंतर ८ ते १० तास. आता सातची शाळा, साडेसहाला व्हॅन, म्हणजे साडेपाचला उठणं, करा हिशोब. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं ते चौथीपर्यंतच, ज्यांचं घड्याळ खरं पुढे गेलेलं असतं ती सहावी ते आठवीची मुलं त्यात नाहीत.

शाळेची वेळ आपल्या हातात नाही पण संध्याकाळ आहे. रात्री साडेआठ-नऊपर्यंत क्लास असेल तर तो बदला किंवा सोडा, मी स्वतः शिकवण्या घेते आणि तरी सांगतेय. झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद, खोलीतला ट्यूबलाईट बंद करून छोटा पिवळा दिवा, रविवारी एक-दीड तास जास्त झोपू द्या पण दुपारी बारापर्यंत नको कारण मग रविवारी रात्री झोपच येत नाही आणि सोमवार वाया. आणि महत्त्वाचं म्हणजे सकाळी सव्वासहाला कोणताही गंभीर विषय काढू नका. मार्क, वागणूक, खोलीतला पसारा, सगळं संध्याकाळी खाऊन झाल्यावर. भुकेल्या आणि झोपाळलेल्या पोराशी केलेली चर्चा ही चर्चा नसते.

उलट बोलण्याचं पण थोडं कळून घ्या. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब, विचार कर, मग बोल असं म्हणतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपास पोचावं लागतं, आणि भावनांचा भाग मात्र आत्ताच जोरात असतो. म्हणून दार आपटून जातं आणि वीस मिनिटांनी येऊन विचारतं, भाजी काय आहे. त्या वीस मिनिटांत त्याच्या मागे मागे जाऊन दार वाजवू नका. आल्यावर भाजी सांगा. मग जेवण झाल्यावर शांतपणे म्हणा, चिडलास ते चालेल, मूर्ख म्हणालास ते मला लागलं, ते चालणार नाही. एवढंच, लांबण नको.

मार्क

पुण्यात सहावीपासूनच जे सुरू होतं ते बघून मला खरंच वाईट वाटतं. स्कॉलरशिप, होमी भाभा, ऑलिम्पियाड, आठवीपासून फाउंडेशन, आणि अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात पोरांपेक्षा आईवडीलच जास्त पुस्तकं चाळत असतात. परीक्षांना माझा विरोध नाही, ज्याला आवडतंय त्याला बसू दे, आनंदाने बसू दे. पण सहावी-सातवीत गणित एकदम बदलतं, आकड्यांच्या जागी अक्षरं येतात, ऋण संख्या येतात, आणि पाचवीपर्यंत पंच्याण्णव मिळवणारं पोर साठवर येतं आणि त्याला वाटतं आपण मठ्ठ झालो. त्यावेळी किती मिळाले विचारण्याऐवजी पेपर घेऊन शेजारी बसा आणि विचारा कुठे अडलं, दाखव. माझा अनुभव असा आहे की निम्म्याहून जास्त वेळा अडलेलं असतं ते पाचवीच्या अपूर्णांकात, तिथून पंधरा दिवस रोज पाच गणितं केली की गाडी चालायला लागते. न आलेलं दाखवायची लाज वाटू नये एवढंच बघा, कारण लाज वाटली की पेपर गादीखाली जातात आणि सह्या खोट्या होतात, त्याचंही मूळ तेच, सांगणं महाग पडतं.

फॅमिली ग्रुपवर मार्क टाकायच्या आधी पोराला विचारा. चांगले असले तरी. आत्ये-मामे भावंडांचे स्क्रीनशॉट समोर ठेवून बघ तो कसा करतो म्हणणं तर बंदच करा, त्यातून आजवर कोणाचा अभ्यास वाढलेला मी बघितला नाही, भावंडांमध्ये मात्र कायमचं फाटलेलं बघितलंय.

आणि आठवड्यातून काही तास मार्कांशी संबंध नसलेली एखादी जागा असू द्या जिथे त्याची कोणीतरी वाट बघतं. कबड्डीची टीम, गिरीभ्रमण, तबला, सोसायटीच्या गणपतीची सजावट, काहीही. वर्गात एकटं पडलेलं पोर अशा दुसऱ्या जागेच्या जिवावर तग धरतं. हे आठवीत अभ्यासासाठी पहिलं बंद केलं जातं, ते करू नका.

मैत्री तुटणं आणि कोणीतरी आवडणं

मोठ्यांना हे फालतू वाटतं आणि मुलांना हेच सगळ्यात मोठं असतं. चार मैत्रिणींनी पाचव्या मैत्रिणीला काढून नवीन ग्रुप केला, डब्याला बोलावत नाहीत. दुसरी मैत्रीण शोध, अभ्यासाकडे लक्ष दे, असं म्हटलं की ती परत सांगणार नाही. तिला म्हणा, खूप लागलं असेल गं. आणि गप्प बसा. दोन-तीन दिवसांनी स्वतःच म्हणेल काय करू, तेव्हा सुचवा, मधल्या सुट्टीत लायब्ररीत जा, क्लासमधल्या त्या मुलीला रविवारी घरी बोलाव. त्या चौघींच्या आयांना फोन सहसा नको. पण रोजच ठरवून चिडवणं, मारणं, वस्तू लपवणं, जातीवरून, रंगावरून, जाडीवरून, बोलीवरून बोलणं चालू असेल तर ते भांडण राहिलेलं नसतं, तेव्हा तारखांसकट वहीत लिहून काढा आणि वर्गशिक्षकांना भेटून तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

कोणी आवडतं म्हणून कळलं तर नाव घेऊन चिडवू नका, जेवताना सगळ्यांसमोर तर नाहीच. आणि फटके पण नाहीत. आवडणं ठीक आहे, आवडलेल्या माणसाने फोटो मागितला, एकटं भेट म्हणून मागे लागला, नाही म्हटल्यावर रुसला तर ते आवडणं नाही, हा फरक बोलून ठेवा. मुलाला हेच उलट बाजूने सांगा, समोरचीने नाही म्हटलं की विषय संपला, परत परत विचारायचं नाही, मित्रांना पाठवून तर अजिबात नाही.

मोबाईल

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॅपची स्वतःचीच अट आहे १३ वर्षांची, तेव्हा पाचवीतल्या पोराच्या जन्मतारखेत आपणच खोटं वर्ष टाकून अकाउंट काढून देऊ नका, त्या खोट्या वर्षामुळे ॲपसाठी ते पोर मोठं माणूस ठरतं आणि मोठ्यांना दाखवायचं ते त्याला दाखवलं जातं. घरात एक नियम ठेवा जो सगळ्यांना लागू आहे, आमच्याकडे रात्री साडेनऊला सगळे फोन हॉलमधल्या फळीवर चार्जिंगला जातात, बाबांचा पण. पहिला आठवडा मोठ्यांनाच जड गेला. चोरून चॅट वाचणं टाळा, त्याऐवजी आधी सांगून महिन्यातून एकदा दोघांनी मिळून सेटिंग बघा, कोण फॉलो करतंय, अकाउंट प्रायव्हेट आहे ना.

कोणी फोटोवरून धमकी देत असेल, पैसे किंवा अजून फोटो मागत असेल तर पोराने आधीच काय चूक केली ते आत्ता बाजूला. बरं झालं सांगितलंस, यातून आपण मिळून बाहेर पडू. मग पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे, समोरच्याचं युजरनेम लिहून ठेवायचं, मगच ब्लॉक करायचं, आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. या प्रकारात मुलं टोकाला जातात ती बहुतेक घरी कळलं तर काय होईल या भीतीने, म्हणून आज काही झालेलं नसताना, चहा पिता पिता, सहज म्हणून ठेवा, असं कधी झालं तर मी ओरडणार नाही, मोबाईल पण काढून घेणार नाही. आणि म्हटलं तर पाळा.

गाडी, तंबाखू

तेरा-चौदा वर्षांचं पोर सोसायटीतून ॲक्टिव्हा काढून कोपऱ्यावरून दूध आणतं आणि घरात कौतुक होतं. १६ च्या आधी कसलंच लायसन्स नाही, १६ ते १८ मध्ये फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. कायदा सोडा, आपल्या रस्त्यांवर ते पोर ब्रेक दाबायला शिकायच्या आधी डंपर येतो. चावी वर ठेवा.

तंबाखू, सिगरेट १८ च्या आतल्यांना विकायला बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायलाच बंदी, आणि ई-सिगरेट म्हणजे व्हेप तर देशात २०१९ पासून पूर्ण बंद. तरी मिळतं. पोराने एकदा ओढून बघितलं असं कळलं तर विचारा कसं वाटलं, कोणासोबत, नाही म्हणणं अवघड गेलं का, आणि नाही कसं म्हणायचं ते वाक्य दोघांनी मिळून ठरवा, माझ्या भाच्याने ठरवलं होतं, नको यार कोच तोंडाचा वास घेतो. सवय लागलीये असं वाटलं तर लपवू नका, येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, नुसतं विचारायला जाण्यात काही कमीपणा नाही.

हे दिसलं तर थांबायचं नाही

दोन आठवडे सलग उदास किंवा सतत चिडलेलं, आवडीचं सगळं सोडलं, खाणं-झोप एकदम बदललं, उन्हाळ्यात सुद्धा पूर्ण बाह्या, हातावर रेघा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, मी नसतो तर बरं झालं असतं असं बोलणं. नाटकं करतोय म्हणू नका. सरळ विचारा, तुला मरावंसं वाटतं का, जीवाला काही करावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात येतं हा गैरसमज आहे, उलट विचारल्यावर मुलांना हायसं वाटतं की कोणीतरी ओळखलं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, रात्री पण, घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, फिनेल कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि ती आईवडिलांसाठी पण आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा, कारण न देता, गॅसच्या नंबराशेजारी, म्हणजे ज्याला लागेल त्याला विचारावं लागणार नाही.

आधीच बिनसलेलं असेल तर

हे मी स्वतःवरून सांगते. माझी मुलगी सातवीत असताना मी तिची डायरी वाचली. काळजीने वाचली, आठवडाभर ती जेवत नव्हती. त्यात एका मैत्रिणीबद्दल होतं, आणि मी संध्याकाळी बोलताना तिच्या डायरीतलाच एक शब्द वापरून गेले. तिने माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. त्यानंतर जवळजवळ चार महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

सुरुवातीला मी समजावत होते की आई म्हणून मला काळजी होती, तू सांगितलं असतंस तर वाचावीच लागली नसती. म्हणजे माफी मागताना सुद्धा चूक तिच्याच गळ्यात घालत होते. शेवटी एका रात्री तिच्या खोलीच्या दारात उभी राहून एवढंच म्हटलं, मी तुझी डायरी वाचली, ते चुकलं, तुझा विश्वास मोडला, परत करणार नाही. त्यात ‘पण’ नाही, ‘कारण’ नाही. ती काही बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी तिच्या कपाटाला छोटं कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या तिला दिल्या. तुम्हाला करायचं असेल तर असंच करा, एक वाक्य, काय चुकलं ते नाव घेऊन, मग एक कृती, आणि मग तिने माफ केलं का हे विचारत बसायचं नाही.

रोज क्लासवरून आणायला मात्र मीच जात राहिले, बसने येते म्हणाली तरी. काही विचारायचं नाही, गाणी नाहीत, फोन नाही, नुसती गाडी चालवायची. तीन-चार आठवडे असेच गेले. मग एक दिवस राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबलो होतो, पाऊस नुकताच थांबलेला, आणि मागून आवाज आला, आई, भांडण झालं की आधी कोणी बोलायचं असतं गं? मी मान वळवली नाही. म्हटलं, तुला काय वाटतं? सिग्नल सुटला आणि मी घराकडे न वळता तशीच सरळ धायरीच्या दिशेने गाडी घेतली, हळू, ती बोलत होती तोपर्यंत.